अप्पांचा फोन मेला की गावाचं नेट चालू

बोरीत मी इंटरनेट विकतो. विकतो म्हणजे, जिंतूरहून रस्त्याच्या कडेनं टेलिफोन कंपनीची जी केबल येते, तिच्यातली लाइन भाड्यानं घेतो आणि गावात घरोघरी वाटतो. लाइन चालू असली की मी नेटवाला, बंद पडली की मी चोर. आणि ती बंद पडायचीच. रस्त्याचं काम निघालं की जेसीबीवाला पहिला घाव केबलवर घालणार, पाऊस आला की सांध्यात पाणी जाणार, आणि काहीच झालं नाही तर उगाच, सवय मोडू नये म्हणून पडणार. मी तक्रार नोंदवायचो. थोड्या वेळानं मोबाइलवर मेसेज यायचा, 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.' इकडं नेट मेलेलंच असायचं, आणि गिऱ्हाइकं दुकानासमोर उभी राहून माझ्या खानदानाचा उद्धार करायची.

यावर औषध सापडलं ते अप्पांच्या घरी. अप्पा म्हणजे आमच्या गल्लीतले कापडाचे जुने व्यापारी. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, तोंडात शंकराचं नाव, आणि ते नाव संपलं की शिवी. दुकान आता मुलं बघतात. आमच्या अख्ख्या गावात एकच लँडलाइन उरला होता, तो अप्पांचा, जुना, लाल रंगाचा. तोही कंपनीच्या त्याच केबलवर, त्यामुळं माझं नेट गेलं की त्यांचा फोनही जायचा. एकदा तीन-चार दिवस तक्रारी करून मी बेजार झालो होतो. अप्पांनी माझाच मोबाइल घेतला आणि थेट जिल्ह्याच्या ऑफिसात लावला.

"सायब, माजा फोन मेलाय. मी बी आता मरायच्या वयाचाच हाय. पन मी आदी गेलो ना, तर माजी तिरडी तुमच्या हापिसातून निघंल, सांगून ठिवतो."

दिवस मावळायच्या आत लाइनमन जिंतूरहून हजर. केबल जोडली, अप्पांचा फोन जिवंत झाला, आणि त्याच्या जोडीनं माझं नेटही. लँडलाइनवाल्या म्हाताऱ्याला कंपनी टरकून असते, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. म्हातारा आमदाराकडे जातो, पेपरात देतो, आणि मुख्य म्हणजे त्याला दुसरं काही काम नसतं.

मग ती आमची रीतच झाली. नेट गेलं की गिऱ्हाइकं माझ्याकडे येत आणि मी अप्पांकडे जाई.

"मेला का?" अप्पा ओट्यावरून विचारत.

"मेला, अप्पा."

"आन मोबाइल."

पुढचं ऐकायला गल्लीतली माणसं मुद्दाम थांबत. नेट कधी येणार असं कुणी मला विचारेनासं झालं. अप्पांनी शिव्या घातल्या का, एवढंच विचारत.

खरं तर तो लाल फोन अप्पा स्वतःसाठी ठेवून नव्हते. त्यांची बायको, आमच्या आक्का, अंथरुणाला खिळलेल्या. नजर जवळजवळ गेलेली, कान मात्र शाबूत. त्यांची लेक बिदरला दिलेली. ती दर रविवारी सकाळी त्या फोनवर आईशी बोलायची. मोबाइलवर बोलायला आक्का कधीच तयार नसत, त्याचा आवाज त्यांना माणसाचा वाटतच नसे. आणि रविवारी घंटी वाजली नाही, की लेकीचं काहीतरी बरंवाईट झालं म्हणून अन्नाला शिवत नसत. एकदा तसं झालं तेव्हा सलाइन लावायची वेळ आली होती. अप्पा ऑफिसाशी एवढे भांडायचे ते त्या भीतीनं.

पुढं कंपनीनं ठरवलं की जुन्या तांब्याच्या तारा बंद करायच्या आणि उरलेले फोन गावातल्याच नेटवाल्याच्या फायबरवर टाकायचे. मला त्यांनी फ्रँचायझी केलं. ज्या कंपनीला मी रोज शिव्या देत होतो तिची पाटी दुकानावर लावताना मला लाज वाटायला हवी होती, पण मी हुरळून पेढे वाटले. पहिलं गिऱ्हाईक अर्थात अप्पा. नंबर तोच, लाल यंत्र तेच, फक्त वायर माझी. त्या रविवारी घंटी खणखणीत वाजली. आक्कांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मला वाटलं, आपण लय मोठं काम केलं.

त्यानंतरच्या एका शनिवारी जेसीबीनं पुन्हा केबल उचकटली. नेट गेलं, अप्पांचा फोन गेला. मी सवयीनं त्यांच्या ओट्यावर गेलो, त्यांनी सवयीनं मोबाइल मागितला. पण या वेळी साहेब म्हणाले, तो नंबर आता आमच्याकडे नाही, फ्रँचायझीकडे आहे, तक्रार तिकडे पाठवतो. फोन ठेवला न ठेवला तोच अप्पांच्या हातातला माझा मोबाइल वाजला. मेसेज होता. 'नवीन तक्रार. ग्राहक ज्येष्ठ नागरिक. फोन बंद. त्वरित निवारण करावे.'

अप्पांची तक्रार फिरून माझ्याकडेच आली होती. कंपनी ज्या एका माणसाला घाबरत होती, तो मी स्वतःच्या हातानं माझं गिऱ्हाईक करून घेतला होता. आता लाइनमन कशाला येतोय? मी मान खाली घालून शिव्यांची वाट बघत बसलो. एक शिवी आली नाही.

"उद्या ऐतवार हाय," अप्पा एवढंच म्हणाले आणि आत गेले. त्यांनी माझे सात पिढ्यांचे पूर्वज काढले असते तरी मला इतकं वाईट वाटलं नसतं.

रविवारी सकाळी मी बिदरला लेकीला फोन करून सगळं सांगितलं. मग माझा मोबाइल स्पीकरवर टाकून लाल रिसीव्हरच्या पाठीला रबरानं बांधला. आवाजाची सोय झाली, पण घंटीचं काय? मोबाइलची रिंग आक्कांनी लगेच ओळखली असती. अप्पा देवघरात गेले आणि पूजेची घंटी घेऊन आले. दाराआड उभे राहिले. मग वाजवली. दोनदा खणखण, जरा दम, पुन्हा दोनदा. सत्तर वर्षं शंकरापुढं घंटी वाजवणारा माणूस त्या दिवशी ती टेलिफोनसारखी वाजवत होता. मी घाईनं, "आक्का, फोन आला," म्हणत रिसीव्हर त्यांच्या कानाशी धरला.

आक्का बोलायला लागल्या. नातवाची परीक्षा, जावयाची पाठदुखी, कापूस भिजला का. दाराआडून अप्पा डोकावत होते. वाजू नये म्हणून घंटीचा लोळा त्यांनी मुठीत घट्ट धरला होता. शाळेला दांडी मारून न सापडलेल्या पोरासारखं हसू त्यांच्या तोंडावर फुटलं. मला खूण करून, चहा सांगायला ते चुलीकडे गेले.

त्यांची पावलं लांब गेल्यावर आक्कांनी आवाज एकदम खाली आणला.

"आगं, मोबाइल हाय ह्यो. आन तुजा बाप देवाची घंटी वाजवायलाय दाराआड. मला कळलं म्हनून त्याला सांगू नको बरं का. रातभर झोपला न्हाई त्यो. हां, बोल तू."