कवड्याची भरड

प्रकाशा गावच्या रतिलालइतका स्वतःला शहाणा समजणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. चौतीस-पस्तीस सालची गोष्ट. पोळ्याला गावच्या तोरणाखालून पहिला आपला बैल जावा, एवढाच याला ध्यास. का, तर गावानं आपल्याला मोठं म्हणावं! वा रे मोठा!

तो बैल, कवड्या, वाढवला होता गोठा झाडणाऱ्या फुलीबाईनं. त्याची आई मेली तेव्हा चिंधी दुधात भिजवून तिनंच त्याला पाजलं. रतिलालनं काय केलं? नाव ठेवलं.

पोळा महिन्यावर आला तसा हा गडी रोज टोपलीभर ज्वारी, सबंध दाणे, कवड्यापुढे ओतू लागला. बैलाच्या बरगड्या मात्र तशाच. फुलीबाई गोवऱ्यांसाठी शेण उचलायची, तर त्यात दाणेच दाणे! ती ते धुऊन कोंबड्यांना टाकायची. कोंबड्या टंच झाल्या. शेवटी तिला बैलाची कीव आली.

"भाऊ, दाना शेणमा जाई ऱ्हायना. जातावर भरडीसन द्या, थोडी थोडी. पीठ नका करू."

शेण उचलणारीचं ऐकेल तो रतिलाल कसला! भरड चांगली तर पीठ त्याहून चांगलं, असा यानं हिशेब केला. गाडी जुंपून शहाद्याला गेला, इंजिनाच्या गिरणीवरून मैद्यासारखं पीठ दळून आणलं. पोळ्याला आठच दिवस उरले म्हणून एकदम घमेलंभर घातलं.

दुसऱ्या सकाळी शेणात काडी फिरवून फुलीबाईला दाखवतो कसा, "देख! एक तरी दाना शे का?"

अरे मूर्खा, शेणाचं पाणी झालंय, आंबूस वास सुटलाय, ते दिसेना तुला? बैलानं रवंथ करणं सोडलं होतं. दुपारी पोट फुगून तो आडवा झाला. फुलीबाईनं तेल पाजलं, पोट चोळलं, डोकं मांडीवर घेऊन बसली. दिवस मावळायच्या आत कवड्या गेला. ती ढसाढसा रडली. आणि रतिलाल? "कोणीतरी करणी केली," म्हणाला.

पोळ्याला तोरण दुसऱ्याच्या बैलानं तोडलं. फुलीबाईनं आपल्या दारात मातीचा कवड्या मांडला, पुढ्यात मूठभर भरड ठेवली. रतिलालला गप्प बसवतंय कुठे! जाता जाता हसला, "मातीना बैलले भरड काय समजस?"

"तुमले समजनी तितलीच," फुलीबाई म्हणाली.