लाँड्री तळघरात नेताना

रुग्णालयाच्या लाँड्रीत तिला सगळे भिंगरी म्हणत. बावीस वर्षं चादरी धुता-वाळवता ती तिथली मुख्य झाली, पण पाय काही एका जागी ठरेनात. एके सकाळी अधीक्षकांनी बोलावून सांगितलं, "लाँड्री नव्या तळघरात हलवायची. तीन आठवडे. जबाबदारी तुमची."

चार दिवस नुसती धावाधाव. काम तसूभर हललं नाही. घरी जेवतानाही ती तीनदा उठली. थोरली बहीण बांधकामावर मुकादम होती. ती वैतागली.

"बस खाली! काम नक्की काय आहे?"

"मशिनं हलवायची, ताई."

"एवढंच?"

ती घुटमळली. "एकाही खाटेची चादर न चुकवता लाँड्री हलवायची."

"मग तसं म्हण ना!"

दोघींनी एकेका कामाची चिठ्ठी केली आणि जमिनीवर मांडली. कशाआधी काय, कोण करणार, कधीपर्यंत. तेव्हा दिसलं, सगळं तळघरातल्या सिमेंटच्या कोब्यापाशी अडतंय. तो सुकायला आठ दिवस, त्याआधी मशीन ठेवता येणार नाही. आणि ती मात्र वायरमनच्या मागे लागली होती! दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं गवंड्याला गाठलं. रोज थोडं जादा धुऊन चार दिवसांच्या चादरी बाजूला काढल्या. अडीअडचणीसाठी दोन दिवस मुद्दाम मोकळे ठेवले.

मुख्य परिचारिका म्हणाल्या, "हलवताच आहात, तर पडद्यांसाठी वेगळं मशीनही बसवा की."

"ते नंतर, बाई. आत्ता घेतलं तर तीन आठवड्यांचे पाच होतील."

हलवायच्या दिवशी मोठं मशीन दारातच अडकलं. चार बोटं कमी पडली. चौकट काढून पुन्हा बसवण्यात मोकळे दोन दिवस गेले, वर आणखी एक. साठवलेल्या चादरींवर सगळे वॉर्ड निभावले.

"एक दिवस उशीर," अधीक्षक म्हणाले.

"हो. दार मोजायचं माझ्याकडून राहिलं."

मग तिनं सगळ्यांना जमवून विचारलं, कुठे चुकलं? गवंडी कान खाजवत म्हणाला, "दार अरुंद आहे, हे मला कोबा घालतानाच दिसलं होतं."

"मिस्त्री! मग बोलला का नाहीत?"

"कोणी विचारलंच नाही."

तिला रागही आला आणि हसूही. ती तशीच उभ्या उभ्या उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत राहिली.