रेवाचा पट्टा

कुवेतच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि गरम वाऱ्याने चष्म्यावर वाफ धरली. माझी धाकटी बहीण मेधा न्यायला आली होती. मागच्या सीटवर, आरामखुर्चीसारख्या आसनात पट्ट्यांनी बांधलेली चार वर्षांची रेवा. "हाय मावशी!"

मेधा आणि तिचा नवरा आशिष अमेरिकेतून नुकते इकडे आले होते. तिथल्या राज्यात लहान मुलांना असं बसवणं सक्तीचं. थोड्या मोठ्यांसाठीही नियम कडक होत चालले होते. इथे मात्र शेजारच्या गाडीतून एक मुलगा छताच्या खिडकीबाहेर डोकं काढून हात हलवत होता.

शुक्रवारी ओळखीच्या मराठी कुटुंबांबरोबर खैरानच्या समुद्रकाठी सहल होती. मेधाच्या अबू हलीफाच्या घरून निघतानाच, रेवाचं आसन धरून ठेवणाऱ्या मागच्या पट्ट्याचं कुलूप तुटलं.

"आजच्या दिवस मांडीवर घे. सगळे थांबलेत," आशिष मेधाला म्हणाला.

"नाही."

"अगं, इथे कोण विचारतंय?"

"तिथे कायदा होता, इथे नाही. म्हणून काय पोरीची हाडं बदलली?"

रेवाला शेजारणीकडे ठेवून आम्ही अम्गऱ्याला, सिकराबमध्ये (भंगारबाजारात) गेलो. चेपलेल्या गाड्या एकावर एक रचलेल्या. दुकानदार पठाण हसला. "बच्चे के लिए बेल्ट? गोद में बिठाओ, बहन."

"बेल्ट दिखाओ, भाईसाब," मेधा म्हणाली.

दोन पट्टे तिने हिसके देऊन नापास केले. तिसरा मेधाच्या गाडीसारख्याच एका चेपलेल्या गाडीत होता. तिच्या पुढच्या काचेला, मांडीवरल्या मुलाचं डोकं येईल तिथे, आतून काहीतरी आदळून बाहेर फुगा आला होता. भोवती तडेच तडे. आशिष त्या काचेकडे पाहत राहिला. मग त्याने पठाणाकडून पाना मागून घेतला आणि पट्टा सोडवायला बसला.

पट्टा बसवून, रेवाला शेजारणीकडून घेऊन खैरानला पोचेपर्यंत मचबूस (मसालेभात आणि मटण) गार झालं होतं. रेवा वाटभर रडली. बायका म्हणाल्या, "एवढं काय ते!" मेधा शांतपणे जेवली. मीही दोनदा वाढून घेतलं.

महिन्याने मुंबईला उतरले. माझा नवरा आणि सात वर्षांचा मुलगा सोहम गाडी घेऊन आले होते. मी पुढे बसताच सोहम मांडीवर चढू लागला.

"मागे बस."

"का? नेहमी तर बसतो!"

"आजपासून नाही."

"पोलीस पकडतात?"

"नाही."

"मग कुणाचा नियम?"

"माझा," मी म्हणाले, आणि उतरून त्याच्याशेजारी मागे जाऊन बसले.