वाळूची चार पोती

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी नगरच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत असे आणि भिंगारला दोन खोल्यांत राहत असे. वर्गाबाहेर माझा आवाज फारसा कोणी ऐकला नसेल. वसतिगृहातल्या दिवसांपासूनचा माझा एकच स्नेही होता. तो राहात्याचा ऊसबागायतदार. शाळेत मी इतरांची गणिते सोडवून देत असे, म्हणून तो मला ‘मास्तर’ म्हणे.

त्याने एका जुन्या संस्थानिकाच्या वारसाकडून परदेशी बनावटीची मोटार घेतली होती. त्या किमतीत दोन ट्रॅक्टर दारात उभे राहिले असते, असे त्याचे वडील येईल त्याला ऐकवीत. मोटारीकडून एकच काम करून घ्यायचे होते : उभ्या जागेवरून सुटून सरळ रस्त्याचे दोन फर्लांग दुसऱ्या मोटारीच्या आधी कापायचे. त्यासाठी मागची बैठक, दारांच्या काचा, आतले अस्तर, सारे काढून टाकले होते.

हे काम केले भिंगारच्या एका मिस्त्रींनी. त्यांचे वडील बैलगाड्या बांधणारे सुतार. ते स्वतः लष्करी ट्रकांवर हात बसलेले. दोन वर्षे प्रत्येक रविवार त्यांनी त्या मोटारीखाली घालवला. तिचे सुटे भाग मुंबईतही मिळत नसत; जे मोडे ते मिस्त्री स्वतः घडवीत. माझ्या स्नेह्याने त्यांना शब्द दिला होता, की शर्यत झाली की राहात्याला एस.टी. स्टँडजवळच्या जागेत त्यांना स्वतंत्र गॅरेज काढून द्यायचे. मिस्त्रींनी पाटीचा रंगही ठरवून ठेवला होता.

अडचण एकच राहिली होती. सुटताना मागची चाके जागच्या जागी गरगरत आणि मोटार मागे पडे. मला विचारण्यात आले. मी दोन संध्याकाळी कागद भरले आणि सांगितले, की मागच्या चाकांवर भार हवा. वाळूची चार पोती, तीही डिकीत अगदी शेवटाला ठेवावीत, म्हणजे तरफेच्या नियमाने त्यांचा भार वाढेल.

मिस्त्रींनी कागद उलटसुलट पाहिला. आमच्याकडे गाडीवान माल भरला की जू हाताने उचलून पाहतो. मागे भार जास्त झाला, तर जू आपोआप वर उठते. त्याला गाडी उलार होणे म्हणतात. नांगर धरणाऱ्या पोरालाही ते कळते.

“सर,” ते हळूच म्हणाले, “पुढनं उलार न्हाई ना व्हनार?”

मी पुढच्या चाकांवरचा भार मांडलेला होता. तो पुरेसा दिसत होता. मी आकडा दाखवला. तो उभ्या मोटारीचा होता. वेग घेताना पुढची बाजू आणखी हलकी होते, हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवीत असे. त्या क्षणी ते सुचले नाही, असे म्हणणेही पूर्ण खरे नाही. कुठेतरी शंका आली होती. पण पुन्हा कागद मागून घेण्याचा संकोच वाटला.

माझा स्नेही हसून म्हणाला, “मिस्त्री, मास्तरांनी आकडा काढलाय. आता तुमी जू उचलून बघू नका.”

मिस्त्रींनी मान हलवली आणि पोती भरली.

कर्जतच्या बाजूला माळावर नवा रस्ता झाला होता. एका रविवारी सकाळी तिथे दोन मोटारी उभ्या राहिल्या. स्नेही स्वतः चालवीत होता. मोटार सुटली ती खरोखर सुंदर सुटली. पहिल्या फर्लांगात ती पुढेच होती. मग मोरीवरच्या उंचवट्याला तिचे नाक वर उठले आणि खाली आलेच नाही, असे वाटले. तो सुकाणू फिरवीत होता आणि पुढची चाके त्याचे ऐकत नव्हती. रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगावर ती चढली, आडवी झाली आणि घसरत जाऊन थांबली.

त्याचे खांद्याचे हाड मोडले. मोटारीची चासी वाकली आणि गिअरबॉक्सचे बिडाचे कवच दुभंगले. मिस्त्रींनी त्या भेगेवरून बोट फिरवले. हे एकच त्यांना घडवता येणारे नव्हते.

दवाखान्यात स्नेह्याचे वडील म्हणाले, की सुकाणूचे काम कच्चे होते. मिस्त्रीने पोराला मारायलाच बसवले होते. मिस्त्री दाराशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. बोलायची जागा ती होती, वेळही ती होती. मी खाटेच्या लोखंडी दांडीकडे पाहत राहिलो.

अकराव्या दिवशी मी राहात्याला गेलो. बसमध्ये वाक्ये तीनदा जुळवली होती. मी स्नेह्याला सगळे सांगितले : पोती, जागा, आकडा, चूक. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि चांगल्या हाताने माझा गुडघा थोपटला.

“तू भला माणूस आहेस मास्तर. त्याची रोजीरोटी जाऊ नये म्हणून स्वतःवर घेतोयस. वसतिगृहातबी असंच करायचास.”

मी कागद पुढे केला. त्याने तो घडी न उलगडता परत दिला. स्टँडजवळची जागा वडिलांनी खताच्या दुकानाला देऊन टाकली होती. गणित चुकू शकते, यावर त्या घरात कोणाचा विश्वास बसणार नव्हता. मिस्त्री चुकू शकतो, यावर आधीच बसला होता.

परतताना भिंगारला मिस्त्रींकडे गेलो. ते एका लष्करी ट्रकचे ब्रेक उघडून बसले होते. मी पुन्हा तेच सर्व सांगितले. या वेळी वाक्ये जुळली नाहीत. ते काम थांबवून ऐकत राहिले. मग हात पुसत म्हणाले,

“मला ठावं हुतं, सर. पोती ठिवतानाच कळलं हुतं. मी पन गप बसलो न्हवं का.”

त्यांनी मला बसायला खोके सरकवले आणि पुन्हा ट्रकखाली गेले. मी थोडा वेळ बसलो. त्यांनी एकदा पाना मागितला. तो कोणता, हे मला कळले नाही, म्हणून त्यांनी बाहेर येऊन तो स्वतःच घेतला.