एकाच खोलीची उद्घाटनं

मुलांनो, गेल्या आठवड्यात लॉजमधून फोन आला. ते स्मरणिका काढत आहेत. तुमच्या आजोबांचं नेतृत्व, शिक्षणकार्य आणि समाजसेवा यांवर एक पान छापायचं आहे आणि सोबत त्यांचा सुटातला फोटो हवा आहे. त्या पानात काय असेल हे मला आत्ताच पाठ आहे. ते तुमच्यापर्यंत पोचण्याआधी खरं काय ते माझ्याकडून वाचा.

लॉज म्हणजे फ्रीमेसन मंडळींची सभा, आणि सभेच्या इमारतीलाही तेच नाव. आपल्या कोल्हापुरातली ती दगडी इमारत तुम्ही रिक्षातून पाहिली आहे. ‘इथे कोण राहतं?’ असं धाकटीने विचारलं होतं. कोणीच राहत नाही. महिन्यातून एका संध्याकाळी डॉक्टर, वकील आणि कारखानदार काळे सूट घालून येत, वर ॲप्रन बांधत आणि दार लावून घेत. बाहेर एक निवृत्त बँक मॅनेजर तलवार घेऊन पहारा देत. आत काय चालतं ते गुपित. आमच्या घरी ते गुपित राहिलं नाही, कारण तुमचे आजोबा अंघोळ करताना तिथल्या विधींचं मोठ्याने पाठांतर करत आणि अडले की पुढचा शब्द मी स्वयंपाकघरातून सांगत असे.

सेवेवर या मंडळींचा फार विश्वास. फक्त तिथे दर वर्षी मास्टर, म्हणजे प्रमुख, बदलतो. नवा मास्टर खुर्चीत बसला की जुन्याची समाजसेवा संपते. एकाने कसबा बावड्याच्या रस्त्याला झाडं लावली. पुढच्याने चष्मे वाटले. तोवर झाडं वाळली. झाडं आधीच्या मास्टरची, मग पाणी कोण घालणार? याला ते नेतृत्व म्हणत.

मी कॉलेजातून निवृत्त झाल्यावर उचगावच्या काही मुलींना इंग्रजी शिकवत असे. त्यांतली एक फार हुशार होती, पण तिला अभ्यासाला जागा नव्हती. “मॅडम, घरात एकच खोली हाय,” ती म्हणाली. “टीव्ही बंद हुईत न्हाय, आन् झाला की आजी सुरू हुती.” त्या वर्षी तुमचे आजोबाच मास्टर होते. मी त्यांच्याकडे लॉजची जेवणाची खोली मागितली.

“अगं, ती बंधूंच्या जेवणाची खोली आहे,” ते म्हणाले. सभासद एकमेकांना बंधू म्हणत.

“महिन्यातून एकदा जेवता. बाकीचे दिवस बंधू रवंथ करतात का?”

खोली मिळाली. आजोबांनी लगेच स्वतःच्या नावाचा बोर्ड लावला. अभ्यासिका सुरू झाली, मुली रोज येऊ लागल्या.

वर्ष संपलं. नवे मास्टर गाड्यांच्या शोरूमचे मालक होते. ते खुर्चीत बसले त्या संध्याकाळी बायकांनाही जेवायला बोलावलं होतं. मुलींची पुस्तकं खोक्यात भरून कोपऱ्यात सारली होती. सूप आलं तसे ते माझ्याकडे वळले.

“वहिनी, ह्या वर्षी आपण लीडरशिप घेतोय. तरुणांसाठी शिबिर, हॉटेलात. पोरींचं झालं की आता वर्षभर. किल्ली तेवढी द्या.”

“भाऊजी, मुलींची बारावीची परीक्षा तोंडावर आली आहे.”

“ते खरं हो. पण तो उपक्रम ह्यांचा. वर बोर्ड ह्यांचा. मग माझ्या वर्षात मी काय दाखवायचं?”

मी तुमच्या आजोबांकडे पाहिलं. त्यांनी वाढप्याला मीठ मागितलं.

म्हणून मीच म्हटलं, “बोर्ड काढा. तुमच्या नावाचा लावा. फीत मी आणते, पेपरवाल्यांना तुम्ही बोलवा.”

त्यांनी चमचा खाली ठेवला. “म्हणजे परत उद्घाटन?”

“परत कशाला, पहिलंच. खोली फक्त तीच.”

त्यांना ते पटलं. मला वाटलं होतं त्याहून लवकर पटलं. त्याच आठवड्यात फीत बांधली गेली.

“मॅडम, मी गेल्या सालापासनं हितंच बसत्या की,” ती मुलगी माझ्या कानात म्हणाली.

“आज नवीन असल्यासारखी बस.”

मास्टरांनी नेतृत्वावर बराच वेळ भाषण केलं. मुली मांडीवर पुस्तकं उघडून फिजिक्स वाचत होत्या आणि टाळ्या पडल्या की पान उलटत होत्या. परीक्षा झाली. ती मुलगी पास झाली, पुढे फार्मसीला गेली.

तेव्हापासून दर वर्षी त्या खोलीचं उद्घाटन होतं. अभ्यासिकेचं ज्ञानकेंद्र झालं, ज्ञानकेंद्राचं आणखी काही. मुलींना आता सवय झाली आहे. नवा मास्टर दिसला की त्या विचारतात, “पेढं हायत न्हवं?” जुने बोर्ड जिन्याखाली पडले आहेत. तुमच्या आजोबांचा सर्वांत खाली आहे. त्यांना ते शेवटपर्यंत लागलं होतं, आणि मी त्यांची समजूत काढली नाही.

स्मरणिकेसाठी मी फोटो दिला आहे. ॲप्रन ट्रंकेत आहे, हवा असेल तर सुट्टीत येऊन घेऊन जा. लॉजची सभा आता पुरेशी माणसं जमत नाहीत म्हणून बऱ्याचदा रद्द होते. अभ्यासिका रोज उघडते. किल्ली उचगावच्या त्या फार्मसीवाल्या मुलीकडे असते.