पुरुषाकडून बाईला, बाईकडून पुरुषाला

चहा ती उजवीकडूनच ढवळायची, सूर्य फिरतो तसा. कुणी चमचा उलटा फिरवला तर बोलायची काही नाही. कप उचलून सिंकमध्ये ओतायची आणि नवा चहा करायची. उकडलेल्या अंड्याच्या टरफलाचा चमच्यानं पार चुरा करायची. कुणी रोपाची फांदी दिली तर आभार मानायची नाही, मानले तर ते रोप रुजत नाही म्हणून. मांस भरलेल्या पेस्टीचं शेवटचं टोक खिडकीबाहेर ठेवायची, आणि कावळ्यांनी ते पळवलं की कावळ्यांना शिव्या घालायची. दवाखान्यातल्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात ठळक अक्षरांत ‘चेटकीण’ लिहायची. नर्स हसली की हीसुद्धा हसायची.

थर्झा ट्रेम्बाथनं रेडरूथच्या शाळेत एकतीस वर्षं मुलांना जेवण वाढलं. गावाला ती तेवढीच माहीत. तिच्या लेखी ते पोटापाण्याचं काम होतं. खरी ती अँगोव्हच्या मंडळाची. नऊ जणांनी १९७४ साली एका दगडी कोठारात सुरू केलेलं ते मंडळ. त्यांची विद्या एकाच रीतीनं पुढे जायची: पुरुषानं बाईला द्यायची, बाईनं पुरुषाला. बाईनं बाईला दिली तर ती दिलीच गेली नाही, असं धरत. नऊपैकी सात जण वारले. उरली थर्झा, आणि पंच्याऐंशी वर्षांचा हेडली अँगोव्ह.

केरा साहित्याची पदवी घेऊन गावी परतली आणि बेकरीत कामाला लागली. थर्झाशी तिची ओळख तिथलीच. पुढे तिनं दीक्षा मागितली, तेव्हा थर्झानं अट घातली.

“एक वर्ष आणि एक दिवस. प्रत्येक पौर्णिमेला माझ्या दारात उभं राहायचं. एक पौर्णिमा चुकली की मोजणी पहिल्यापासून.”

“आजारी पडले तर?”

“तर आजारी येऊन उभी राहा. दाराला काय कळतंय?”

दहाव्या पौर्णिमेला केराच्या बहिणीचं लग्न होतं, ब्रिस्टलला. केरा गेली. थर्झानं मोजणी पुन्हा सुरू केली. ती मोजणी चालू असताना हेडली आधी गॅस बंद करायला विसरू लागला, मग घराचा रस्ता विसरला, मग स्वतःचं नाव. दुसरी मोजणी पूर्ण झाली त्या दिवशी तो वृद्धाश्रमात खिडकीशी बसून पडद्याच्या कडा मोजत होता. पहिली मोजणी धरली असती तर त्यानं केराला सहज दीक्षा दिली असती. हे दोघींनाही माहीत होतं.

ऑक्टोबरात थर्झाच्या खोकल्याचं निदान झालं. दोन्ही फुप्फुसं. डॉक्टर म्हणाले, ईस्टरपर्यंत धरून चाला.

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी पबच्या माडीवर सगळ्या पंथांची बैठक भरायची. एकट्यानं विद्या करणारे, झाडपाल्यावाले, झाडांना पुजणारे ड्रुइड, जुने उत्तरेकडचे देव मानणारे, आणि आपण नक्की कोण हे दर महिन्याला नव्यानं ठरवणारे. त्या मंगळवारी सगळ्यांना थर्झाचं कळलं होतं.

“केरा, इतकं काय त्यात?” रुआन म्हणाला. तो मोबाइलच्या दुकानात काम करायचा आणि कुठल्याच मंडळात नव्हता. “आरशासमोर उभी राहा, मी चेटकीण आहे असं तीनदा म्हण. झाली दीक्षा. मी तशीच घेतली. तीही चड्डीवर.”

“म्हणूनच तुझ्या मंत्रानं तुझी मोटारसायकलसुद्धा सुरू होत नाही,” थर्झा म्हणाली.

“आमच्यात ये ग पोरी,” कोलन म्हणाला. तो पोस्टमन, आणि ड्रुइड. “आम्ही कुणालाही घेतो. फक्त पावसात उभं राहता आलं पाहिजे.”

“तुम्ही जा, झाडांना मिठ्या मारा.”

“मारतो की. झाड उलटून बोलत नाही, थर्झा.”

सगळे हसले. थर्झाही हसली आणि हसता हसता खोकू लागली. खोकला थांबेना. हसू विरलं. रुआननं पाण्याचा ग्लास पुढे केला आणि हळूच म्हणाला, “मावशी, मला द्या ना मग. मी पुरुष आहे. मी पुढे केराला देईन.”

“दुसऱ्याला देता येण्यासाठी तिसरी पायरी चढावी लागते रे. तुला तिथवर न्यायला तीन वर्षं लागतील.” तिनं तोंड पुसलं. “माझ्याकडे सहा पौर्णिमा आहेत. त्याही डॉक्टरच्या हिशेबानं.”

कोपऱ्यातल्या टेबलाशी सेनारा बसली होती. गावात नळजोडणीची कामं करणारी, पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई. ती बियर संपवून उठली आणि गेली.

पुढच्या रविवारी थर्झा केराला घेऊन हेडलीकडे गेली. दीक्षेला लागणारी काळ्या मुठीची सुरी वृद्धाश्रमात नेऊ देणार नाहीत म्हणून तिनं लाकडी चमचा आणला होता. दीक्षेचा पहिला प्रश्न देणाऱ्यानं स्वतःच्या तोंडून विचारायचा असतो. त्यानं फक्त सुरुवात करावी, पुढचं आपण सावरून घेऊ, असा थर्झाचा बेत होता.

“हेडली, उंबऱ्याशी कोण उभं आहे? विचार हिला.”

“आज मासे आहेत का?”

“मासे नंतर. विचार. उंबऱ्याशी कोण उभं आहे?”

“परवा होते. नुसते काटे.”

तिनं अकरा वेळा सांगितलं. हळू सांगितलं, दटावून सांगितलं, कानात सांगितलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं ते ऐकून पाठ केलं आणि तोच मोठ्यानं विचारू लागला, “उंबऱ्याशी कोण उभं आहे? उंबऱ्याशी कोण उभं आहे?” नर्स डोकावून गेली. केराचे कान लाल झाले.

मग हेडलीनं एकाएकी केराचा हात हातात घेतला. त्याचा आवाज बदलला.

“फार वेळ बाहेर उभी आहेस का ग?”

थर्झा ताठ झाली. चमचा तिनं छातीशी धरला.

“ये, आत ये,” हेडली म्हणाला. “कुठं सही करायची? पार्सल मोठं आहे का?”

बसमध्ये थर्झा खिडकीकडे तोंड करून बसली. केरा म्हणाली, “मावशी, मला नको दीक्षा. तुम्ही औषधं वेळेवर घ्या, बस.”

“तुला नको असेल,” थर्झा म्हणाली. “मला द्यायची आहे.”

एक वाट उरली होती. ती थर्झाला पहिल्या दिवसापासून माहीत होती, म्हणूनच ती इतके दिवस दुसऱ्या वाटा शोधत होती. सेनारा या मंडळातली होती. १९९१ साली खुद्द थर्झानंच तिला दीक्षा दिली होती. तेव्हा सगळे तिला पुरुष समजायचे, तिचं नाव वेगळं होतं. ती तिसऱ्या पायरीपर्यंत चढली. २००४ साली तिनं आपण बाई आहोत असं सांगितलं आणि नव्या नावानं पूजेच्या वर्तुळात आली. तिला पुरुषांच्या बाजूला उभं करायचं की बायकांच्या, हे मंडळाला ठरवता आलं नाही. ती पुन्हा आली नाही.

सेनारा स्वतःच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून पाइपाला आटे पाडत होती. केरा दाराशी उभी राहिली; थर्झानं खुर्चीसुद्धा मागितली नाही.

“एक तासासाठी,” ती म्हणाली. “जुन्या नावानं. जुना झगा घालून ये. कुणाला कळायचं नाही.”

सेनारानं पाना खाली ठेवला. “मला कळेल.”

“तू या वंशातली आहेस. मीच तुला दिली.”

“मग मी बायकांच्या बाजूला उभी राहिले आणि हेडलीनं मेणबत्त्या विझवल्या, तेव्हा कुठल्या वंशातली होते? तू काय करत होतीस, आठवतं? मेणबत्त्या गोळा करत होतीस. खोक्यात नीट रचून.”

“चुकलं माझं.”

“चुकलं म्हणतेस, आणि त्याच तोंडानं मला पुन्हा पुरुष हो म्हणतेस!”

“मी मरायला टेकलेय ग, सेनारा.”

“माहीत आहे. म्हणून तर घराबाहेर काढलं नाही तुला.” सेनारा उठली, हात पुसले. “सेनारा म्हणून बोलावशील तर येईन. या पोरीला देईन. बाईनं बाईला. ते चालणार नसेल, तर सगळं तुझ्याबरोबर जाऊ दे.”

“तशी दिली तर ती दिलीच जात नाही.”

“मग नको देऊस.”

परतताना थर्झा तीनदा भिंतीला धरून थांबली. केरानं तिला घरात नेऊन बसवलं. ती केराकडे बघत नव्हती. केराही तिच्याकडे बघू शकत नव्हती. जे मागितलं गेलं ते आपल्यासाठी मागितलं गेलं, हे केराला सहन होत नव्हतं.

सात आठवडे गेले. घरात प्राणवायूचं यंत्र आलं. त्याची घरघर दिवसभर चाले. थर्झाचं जेवण दोन चमचे सूपवर आलं. ती मंडळाच्या विद्येची पोथी उघडून बसायची. स्वतःच्या हातानं उतरवलेली, दुसऱ्या कुणी वाचायची नाही अशी. कधी पान उलटायची, कधी तासभर एकच पान. एकदा केरानं तिला रडताना पाहिलं. आवाज नव्हता, फक्त नाकातली नळी हलत होती.

“केरा, पोथीत एक प्रश्न आहे,” ती जानेवारीतल्या एका दुपारी म्हणाली. “उंबऱ्याशी कोण उभं आहे. चाळीस वर्षं मी तो ऐकला, म्हटला. आणि हेडलीनं त्या दिवशी जो विचारला ना, फार वेळ उभी आहेस का, तो पोथीत नाहीच. तो मला कधी सुचलाच नाही.” तिनं दम घेतला. “दोघींना उभं ठेवलं मी. तुला आणि तिला. फोन दे इकडे.”

सेनारानं उचलला. थर्झा एवढंच म्हणाली, “सेनारा, ये. सेनारा म्हणूनच ये.”

ती त्याच संध्याकाळी आली, हत्यारांची पेटी घेऊन. मिठी नाही, काही नाही. गळका नळ आधी दुरुस्त केला, मग पलंगाशी बसली. दीक्षा एक फेब्रुवारीला भर दुपारी, इथेच, या खोलीत, असं ठरलं.

“हे खरं धरलं जाईल का, मला माहीत नाही,” थर्झा म्हणाली.

“मलाही नाही,” सेनारा म्हणाली. “देऊन बघू.”

त्या मंडळात दीक्षेच्या आदल्या दिवशी दीक्षा घेणाऱ्याचं माप घेतात. लाल दोऱ्यानं. आधी उंची, मग कपाळाभोवती, मग हृदयाभोवती; प्रत्येक मापाला एक गाठ. माप घ्यायचं ते मंडळातल्या सगळ्यात जुन्या माणसानं, म्हणजे हेडलीनंतर थर्झानं, आणि ज्यानं सुरू केलं त्यानंच संपवायचं.

एकतीस जानेवारीला दुपारी तीन वाजता सेनारानं थर्झाला उठवून उभं केलं. नळी तिच्या मागे लोंबत होती. केरा अनवाणी भिंतीला टेकून उभी राहिली. थर्झानं दोऱ्याचं टोक तिच्या टाचेखाली दिलं, हात वर नेता नेता दोनदा थांबली, आणि टाळूपर्यंत पोहोचली. गाठ मारायला तिला बराच वेळ लागला. मग कपाळ. तिची बोटं गार होती. दुसरी गाठ बसली.

तिनं दोरा केराच्या पाठीमागून छातीवर आणला. दोरा हलत होता.

“मी घेऊ का?” सेनारानं विचारलं.

“माझं काम आहे ते.” ती पलंगाच्या कडेवर बसली. ओठ निळे पडले होते. “उद्या. सकाळी घेऊ. आत्ता हात कापतोय, माप खोटं येईल. तुझं हृदय काय पळून जातंय का, पोरी?”

केरा हसली. सेनारानं थर्झाला निजवलं, पांघरूण घातलं.

सकाळी सात वाजता केरा चहा घेऊन गेली तेव्हा यंत्र चालू होतं आणि थर्झाचा श्वास थांबला होता. दोरा उशीशेजारी होता, कात्रीसकट. उंचीची गाठ होती, कपाळाची गाठ होती. तिसरी मारायची राहिली होती.