तासाभराचं अंतर

अमेरिकेतल्या आमच्या पिस्कॅटवेत कुणाचेही आईवडील भारतातून यायचे असले, की तिकीट काढण्याआधी त्र्यंबककाकांना फोन जातो. लोक त्यांचा सल्ला आवर्जून घेतात आणि मग पस्तावतात. जन्मभर पुलांची डिझाइनं केली, रिटायर झाले, तेव्हापासून काका विमानतळांच्या मागे लागलेत. कुठून कुठे किती मैल, किती वेळ, सगळं तोंडपाठ. स्वतः मात्र फारसे कुठे गेलेले नाहीत.

त्यांची मुलगी रुही पार उत्तरेला, अलास्कातल्या कॉट्झेब्यू गावात डॉक्टर आहे. तिला मुलगी झाली. जावयाला बहीण नाही, म्हणून बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान सरलाकाकूंचा. तोवर नाव कुणालाही कळू द्यायचं नाही, अगदी काकांनाही, असं मायलेकींनी ठरवलेलं. काकू डिंकाचे लाडू वळताना एकट्याच हसायच्या.

रुहीनं बजावलं होतं, "बाबा, अँकरेजहून स्ट्रेट इकडे या. प्लीज."

सरळ जातील तर ते काका कसले! त्यांचे मित्र शैलेंद्र मागच्या वर्षी नॉर्वेचं उत्तर टोक बघून आले होते, ते काकांना पचलं नव्हतं. त्यांनी आधी बॅरो गाठायचं ठरवलं, अमेरिकेचं सगळ्यात उत्तरेकडचं गाव. त्या गावाचं नाव केव्हाच बदललंय, पण काकांना कोण सांगणार?

"अगं, बॅरोहून कॉट्झेब्यू फक्त तीनशेपस्तीस माइल्स. वेबसाइटवर फ्लाइट टाइम दिलाय, एक तास! लंचला रुहीकडे."

"तिकीट काढलंत का?"

"तिथे गेल्यावर बुक करू. एवढंसं तर आहे."

वेबसाइटनं नुसतं अंतर मोजून वेळ सांगितला होता. विमान जातं असं ती कुठेच म्हणाली नव्हती. एवढं शाळकरी पोरालाही कळलं असतं.

बॅरोत काकांनी देवमाशाच्या हाडांच्या कमानीखाली फोटो काढून घेतला, लगेच शैलेंद्रांना पाठवला आणि ऐटीत विमानतळावर गेले. काउंटरवरची बाई आधी हसली, मग तिला दया आली. या दोन गावांत थेट विमान नव्हतंच. खाली पार दक्षिणेला अँकरेजला जायचं आणि तिथून पुन्हा वर. काका तिलाच मैल ऐकवायला लागले. तेवढ्यात धुकं उतरलं आणि अँकरेजचं विमानही कॅन्सल झालं. लाडवांचा डबा मांडीवर घेऊन काकू रडल्या. काका फोनवर दुसरी वेबसाइट बघत होते.

अँकरेजला पोचले तो बारशाचाच दिवस होता. कॉट्झेब्यूच्या विमानात एकच सीट उरली होती.

"मी पुढे जातो, तू उद्या ये," काका सवयीनं म्हणाले.

काकूंनी आपलं आयडी काउंटरवर ठेवलं. "तुम्ही बसा इथे. मैल मोजत." उभ्या संसारात त्या नवऱ्याशी असं बोलल्या नव्हत्या. मला विचाराल तर फार उशीर केला त्यांनी.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागला. पाळणा दिसला, काकू बाळाच्या कानाशी वाकल्या आणि चित्र तिथेच थिजलं. "नाव काय? अगं, नाव काय ठेवलं?" काका भर विमानतळावर ओरडत राहिले. काकूंनी पुन्हा फोन लावला नाही, काकांचा उचललाही नाही.

नातीचं नाव काकांना कळलं ते पिस्कॅटवेच्या ग्रुपवर. काकूंनी तिथे टाकलेल्या बारशाच्या फोटोखाली शैलेंद्रांचा मेसेज होता: "काँग्रॅट्स आजोबा! आन्या, छान नाव आहे."